‘राइट’चे मराठी पर्याय : हक्क आणि अधिकार यांच्या भेदाविषयी

१

इंग्रजीतील काही शब्द इतके लहान आणि इतके नित्याचे आहेत की कोशकार व अनुवादक यांच्याखेरीज कोणालाही त्यांची अडचण जाणवत नाही. ‘राइट’ हा त्यांपैकीच एक होय. शाळकरी मुलाला तो पहिल्या इयत्तांतच भेटतो आणि तेव्हापासून तो आपल्याला समजला आहे अशी त्याची खात्री असते. परंतु हाच शब्द मराठीत आणावयाचा म्हटले की त्याची एकता क्षणात नाहीशी होते. उत्तर ‘बरोबर’ असते, माणूस ‘योग्य’ असतो, मागणी ‘रास्त’ असते, हात ‘उजवा’ असतो, कोन ‘काटकोन’ असतो आणि नागरिकाजवळ असतो तो ‘हक्क’ किंवा ‘अधिकार’. इंग्रजीने एका शब्दाच्या छपराखाली ठेवलेले हे अर्थ मराठीत निरनिराळ्या घरी नांदतात.

यांतील पहिल्या पाच पर्यायांविषयी फारसा वाद संभवत नाही. संदर्भ पाहून अनुवादक त्यांची निवड करतो व ती सहसा चुकत नाही. शेवटची जोडी मात्र वेगळी आहे. ‘हक्क’ व ‘अधिकार’ हे शब्द आपण परस्परांच्या जागी सर्रास वापरतो. कायद्यांची नावे, वृत्तपत्रांतील मथळे, विद्यार्थ्यांचे प्रबंध या सर्वांत हे दोन्ही शब्द एकाच परिच्छेदात, एकाच अर्थाने, केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी आळीपाळीने योजलेले आढळतात. एक अरबीतून आला व एक संस्कृतातून, एवढाच काय तो फरक, अशी सर्वसाधारण समजूत दिसते. ही समजूत मराठीच्या इतिहासाला व तिच्या चालू वापरालाही धरून नाही, आणि तिच्यामुळे विचाराची व व्यवहाराची प्रत्यक्ष हानी होते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम इंग्रजी शब्दाचे कूळ पाहणे इष्ट ठरेल. ‘राइट’चा मूळ अर्थ ‘सरळ’ असा आहे. जे सरळ ते योग्य, जे योग्य ते न्याय्य आणि जे मला न्यायाने देय ते माझे, असा हा अर्थविस्तार झाला. युरोपातील इतर भाषांतही हीच वाट दिसते. जर्मन भाषेतील ‘रेख्त’ आणि फ्रेंचमधील ‘द्र्वा’ हे शब्द कायदा व व्यक्तीचे न्याय्य देणे या दोहोंसाठी चालतात, आणि त्या दोहोंच्याही मुळाशी सरळपणाच आहे.

आता ज्या आदिधातूपासून ‘राइट’ निघाला त्याचीच एक शाखा संस्कृतात ‘ऋजु’ या रूपाने आली. प्राकृतात ‘ऋजु’चा ‘उज्जु’ झाला, मराठीत ‘उजू’ झाला आणि त्याच घराण्यातून ‘उजवा’ आला. संस्कृतात उजव्या हाताला ‘दक्षिण’ म्हणत. मराठीने ‘दक्षिण’ शब्द दिशेपुरता ठेवला आणि हाताला सरळपणाचे नाव दिले. इंग्रजीनेही नेमके हेच केले. या आदिधातूची तिसरी शाखा इराणात वाढली. फारसीतील ‘रास्त’ म्हणजे सरळ, खरे, आणि तेथेही उजवीकडचे. हा शब्द मुसलमानी राजवटीच्या काळात मराठीत आला आणि आज प्रत्येक गावाच्या ‘रास्त भाव दुकाना’च्या पाटीवर तो लिहिलेला असतो. ‘उजवा’, ‘रास्त’ आणि ‘राइट’ ही अशी तीन चुलत भावंडे मराठीभाषकाच्या तोंडी एकत्र आली आहेत. एक प्राकृताच्या वाटेने, दुसरे फारसीच्या आणि तिसरे इंग्रजीच्या.

असे असूनही मराठीने ‘उजवा’ किंवा ‘रास्त’ यांच्यापासून नागरिकाच्या ‘राइट’साठी नाम घडवले नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘उजवा’ने गुणवत्तेपर्यंत मजल मारली, एखादा दुसऱ्यापेक्षा ‘उजवा’ ठरतो. ‘रास्त’ विशेषणावरच थांबला. गंमत अशी की नकारात्मक बाजूने मराठीने ही वाट पूर्ण केली. ‘डावलणे’ म्हणजे डावीकडे टाकून पुढे जाणे. आणि आज आपण म्हणतो की अमक्याचा हक्क ‘डावलला’ गेला. हक्क देताना मराठीला उजवा हात आठवला नाही. तो नाकारला गेल्यावर मात्र डावा हात आठवला. राजकारणातील ‘डावे’ व ‘उजवे’ यांचा या वंशवेलीशी संबंध नाही. ते १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेतील बैठकव्यवस्थेतून आलेले भाषांतरित शब्द आहेत.

तात्पर्य, सरळपणाच्या कल्पनेतून न्याय्य देण्याची कल्पना काढण्याचा मार्ग मराठीला उपलब्ध होता, परंतु तिने तो पत्करला नाही. ती जागा दोन परक्या घरांतील शब्दांनी भरून काढली. त्यांची पूर्वपीठिका पाहिल्याखेरीज त्यांच्यातील भेद उमगणार नाही.

३

‘हक्क’चे मूळ अरबी ‘हक्क’ हेच. त्याचा आद्य अर्थ सत्य, जे खरोखर आहे ते. इस्लामी परंपरेत ते परमेश्वराचेही नाव आहे. या सत्यार्थाच्या खुणा मराठीत अजून शिल्लक आहेत. ‘हकीकत’, ‘तहकिकात’ हे त्याच मुळाचे शब्द. ‘नाहक’ व ‘हकनाक’ हेही तेच. नाहक त्रास म्हणजे ज्याला सत्याचा वा न्यायाचा आधार नाही असा त्रास. ‘मुळात जे खरे आहे, ते मान्य झाले नाही तरी खरेच राहते’ ही छटा या शब्दाच्या पोटात आहे.

मराठी राजवटीच्या कागदपत्रांत मात्र ‘हक्क’ बहुधा वतनाच्या सोबतीने येतो. देशमुख-देशपांड्यांचे हक्क, पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क, बलुतेदारांचे हक्क अशी त्याची रूपे दिसतात. येथे हक्क म्हणजे गावाच्या उत्पन्नातून, खळ्यावरून किंवा सणाच्या मानातून ठराविक घराण्याला मिळणारा ठराविक वाटा. तो वंशपरंपरेने चाले, वाटणीत विभागला जाई, गहाण पडे आणि विकलाही जाई. त्याला माणसाच्या समानतेची हवा लागलेली नव्हती. किंबहुना हक्कांची ती यादी म्हणजे जन्मागणिक उतरत जाणारी एक शिडीच होती.

या शिडीच्या अगदी खालच्या पायरीवरही हाच शब्द होता. महारांचे ‘बावन हक्क’ परंपरेने प्रसिद्ध आहेत. त्यांची सनद बेदरच्या बादशहाने दिली अशी आख्यायिका आहे. खळ्यावरचा वाटा, मेलेल्या जनावरावरचा हक्क आणि त्यांच्या मोबदल्यात गावाची व सरकारची न संपणारी सेवा, असे त्यांचे स्वरूप होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी वतनव्यवस्थेवर जो प्रहार केला, त्याचा रोख हाच होता की हे हक्क नावाचे हक्क असून व्यवहारात गुलामगिरीचे साखळदंड आहेत. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनकायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ मध्ये.

‘बावन हक्कां’कडून ‘माणुसकीच्या हक्कां’कडे झालेला प्रवास हा या शब्दाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. त्याआधी लोकमान्य टिळकांच्या घोषणेने ‘जन्मसिद्ध हक्क’ हा प्रयोग घरोघर पोचविला होता. त्यातील ‘जन्मसिद्ध’ हे विशेषण आपण आता विचार न करता उच्चारतो. परंतु ज्या समाजात हक्क म्हणजे विशिष्ट घराण्यातील जन्माने लाभणारा वाटा, त्या समाजात केवळ या देशात जन्मलो एवढ्यावरून स्वराज्य माझे, असे म्हणणे ही वतनाच्या भाषेचीच उलथापालथ होती. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले, तेव्हा ती उलथापालथ टोकाला गेली. तेथे दोन्ही पक्ष हक्काचीच भाषा बोलत होते. स्पृश्य पक्ष म्हणत होता की इतरांना तळ्यापासून दूर ठेवण्याची आमची पुरातन वहिवाट आहे. अस्पृश्य पक्ष म्हणत होता की तळे सार्वजनिक आहे आणि आम्ही माणसे आहोत. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये निर्णय दिला तो पहिल्या पक्षाला आपली पुरातन वहिवाट सिद्ध करता आली नाही म्हणून. न्यायालयाची भाषा वहिवाटीची राहिली. पण मराठीत मात्र ‘हक्क’ शब्दाचा जुना अर्थ त्या तळ्यावरच मागे पडला, असे म्हणावयास हरकत नाही.

४

‘अधिकार’ची कहाणी याहून वेगळी आहे. हा शब्द मीमांसाशास्त्रात पारिभाषिक आहे. जैमिनिसूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराच्या विचाराला वाहिलेला आहे. कोणते कर्म करण्यास कोण पात्र आहे, हा तेथील प्रश्न. ज्याला फळाची इच्छा आहे, ज्याच्या अंगी सामर्थ्य आहे आणि ज्याला आवश्यक ते ज्ञान आहे, तो अधिकारी. लौगाक्षिभास्कराच्या अर्थसंग्रहात अधिकारविधीची व्याख्या फळाच्या स्वामित्वावर आधारलेली आहे: कर्माच्या फळाचा धनी कोण, हे जो विधी सांगतो तो अधिकारविधी. म्हणजे अधिकारात पात्रता व स्वामित्व या दोन्ही कल्पना आहेत. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी पात्रता सिद्ध व्हावयाची, मग स्वामित्व.

या पात्रतेच्या विचारात वर्णाचा प्रश्न अटळपणे आला. यज्ञकर्माचा अधिकार सर्वांना आहे असे बादरीचे मत सूत्रांत नोंदलेले आहे. परंतु जैमिनीने ते मान्य केले नाही आणि शूद्रांना वगळणारा सिद्धान्तच पुढे रूढ झाला. बादरीचा पराभव हा भारतीय विचाराच्या इतिहासातील एक लहानसा दिसणारा, पण दूरगामी परिणामांचा प्रसंग आहे. त्यानंतर ‘अधिकार’ या शब्दाला ‘कोणाला नाही?’ हा प्रश्न जो चिकटला तो सुटला नाही. कोल्हापुरात १८९९ पासून जे वेदोक्त प्रकरण गाजले, त्यातील वादविषय हाच होता: छत्रपती शाहू महाराजांना वेदोक्ताचा अधिकार आहे की नाही? येथे ‘हक्क’ हा शब्द घालून पाहावा; वाक्य व्याकरणदृष्ट्या चालेल, पण वादाचे स्वरूप बदलेल. अधिकाराचा वाद पात्रतेचा असतो आणि तो तपासण्याची सत्ता परीक्षकाकडे असते. महाडचा वाद पात्रतेचा नव्हता. पाणी पिण्यासाठी कोणती पात्रता लागते? त्या काळच्या लिखाणात हे दोन शब्द पुष्कळदा सरमिसळ झालेले आढळतात, हे खरे. तथापि दोन लढ्यांच्या प्रकृतीतील भेद शब्दांच्या सरमिसळीने पुसला जात नाही.

दुसरीकडे, राज्यकारभारात ‘अधिकार’ म्हणजे पद व पदाबरोबर येणारी सत्ता. त्यावरून ‘अधिकारी’ हा शब्द प्रशासनात स्थिर झाला. मीमांसेतील अधिकारी म्हणजे यज्ञास पात्र असा यजमान. तहसील कचेरीतील अधिकारी म्हणजे ज्याच्या सहीवाचून यजमानाचे काम अडते तो. दोन्ही अर्थांत एक समान सूत्र आहे: अधिकार कोणीतरी वा कशाने तरी दिलेला असतो, आणि म्हणून तो काढूनही घेता येतो.

५

व्युत्पत्तीवरून चालू अर्थ ठरत नसतो, हा आक्षेप योग्यच आहे. तेव्हा आजच्या मराठीकडे वळू. जिवंत भाषेतील भेद ओळखण्याची खरी कसोटी म्हणजे शब्दाची सोबत. एखाद्या शब्दाशेजारी कोणते शब्द बसतात आणि कोणते बसत नाहीत, हे पाहावे.

सून सासूशी ‘हक्काने’ बोलली आणि सून सासूशी ‘अधिकाराने’ बोलली, ही दोन वाक्ये घ्यावीत. पहिल्यात जवळीक आहे, दुसऱ्यात दरारा. ‘हक्काचे घर’, ‘हक्काचा माणूस’ हे प्रयोग सहज आहेत. ‘अधिकाराचे घर’ कोणी म्हणत नाही. उलट एखाद्या पंडिताचा न्यायशास्त्रातील ‘अधिकार’ मोठा असतो, तो ‘अधिकारवाणी’ने बोलतो; त्याचा न्यायशास्त्रातील ‘हक्क’ मोठा असे म्हणणे हास्यास्पद होईल. बहिणीकडून भाऊ जे लिहून घेतो ते ‘हक्कसोडपत्र’. ‘अधिकारसोडपत्र’ मराठीत नाही. मुद्रित पुस्तकाच्या आरंभी ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे असते. हिंदी पुस्तकात ‘सर्वाधिकार सुरक्षित’. मतदार मतदानाचा हक्क ‘बजावतो’, अधिकारी अधिकार ‘गाजवतो’. अधिकार ‘सोपवता’ येतो. हक्क सोपवता येत नाही, फार तर सोडता येतो. आणि शेवटची कसोटी जोडशब्दांची: ‘हक्क आणि कर्तव्ये’ अशी एक जोडी मराठीत रूढ आहे, तर दुसरी ‘अधिकार आणि जबाबदारी’ अशी. पहिली नागरिकाची, दुसरी पदाधिकाऱ्याची.

या वापरात एक व्यवस्था आहे, आणि ती कोणा परिभाषा समितीने घालून दिलेली नाही. अमेरिकन विधिज्ञ वेस्ली होफेल्ड यांनी १९१३ मध्ये दाखवून दिले की इंग्रजी कायद्यात ‘राइट’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. दुसऱ्यावर कर्तव्य लादणारे माझे मागणे ही एक. मला काही करण्यास मनाई नसणे ही दुसरी. दुसऱ्याची कायदेशीर स्थिती बदलण्याचे माझे सामर्थ्य ही तिसरी. आणि दुसऱ्याच्या अशा सामर्थ्यापासून मला असलेले संरक्षण ही चौथी. या चार गोष्टी वेगळ्या करण्यासाठी होफेल्ड यांना शब्दांच्या जोड्या लावून कोष्टक मांडावे लागले. मराठीत पहिल्या तिहींसाठी घरचेच शब्द तयार आहेत: हक्क, मुभा आणि अधिकार. चौथ्यासाठी तेवढा सर्वमान्य शब्द नाही. इंग्रजीला जे विश्लेषणाने साधावे लागले त्यातील बराचसा भाग मराठीला शब्दसंपत्तीतच मिळालेला आहे. अशी संपत्ती आपण होऊन उधळणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

६

आता परिभाषेच्या प्रश्नाकडे येऊ. या प्रश्नाशी नागपूरचा संबंध जुना आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि हिंदी व मराठी या दोन भाषा येथे शेजारी नांदत होत्या. डॉ. रघुवीर यांनी आपल्या संस्कृतनिष्ठ परिभाषेचे विशाल कार्य येथे राहून केले. त्या परिभाषेचे तत्त्व असे होते की सर्व भारतीय भाषांना समान असा संस्कृतचा पाया घ्यावा आणि त्यावर नवे शब्द रचावेत. या तत्त्वाचा मोठेपणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु जेथे एका भाषेने अरबी वा फारसी शब्दाला स्वतःचा वेगळा अर्थ देऊन आपलेसे केले आहे, तेथे हे तत्त्व आंधळे ठरते. त्याला ‘हक्क’ व ‘अधिकार’ यांच्यात फक्त मूळ दिसते, अर्थ दिसत नाही. भाषाशुद्धीच्या मराठी चळवळीचीही हीच मर्यादा होती.

सुदैवाने भारतीय संविधानाच्या मराठी अनुवादकांनी मराठीचा कौल मानला. संविधानाच्या तिसऱ्या भागाचे नाव मराठीत ‘मूलभूत हक्क’ असे आहे, हिंदीत ‘मूल अधिकार’. राष्ट्रपतींना वटहुकूम काढता येतो तो मराठी पाठात ‘अधिकार’, हिंदी पाठात ‘शक्ति’. दोन्ही व्यवस्था आपापल्या परीने सुसंगत आहेत. हिंदीत नागरिकाकडे अधिकार व शासनाकडे शक्ती. मराठीत नागरिकाकडे हक्क व शासनाकडे अधिकार. घोटाळा होतो तो एका व्यवस्थेतील अर्धा भाग उचलून दुसरीत बसवल्यामुळे. मग नागरिकाकडेही अधिकार व शासनाकडेही अधिकार, अशी स्थिती येते.

ही स्थिती काल्पनिक नाही. २००५ चा केंद्रीय कायदा मराठीत ‘माहितीचा अधिकार’ म्हणून ओळखला जातो. त्या कायद्यान्वये नागरिक आपला ‘अधिकार’ घेऊन ‘जन माहिती अधिकाऱ्या’कडे जातो. अर्जाच्या त्या एका कागदावर ज्याचे देणे आहे तो आणि ज्याने ते द्यावयाचे आहे तो, दोघेही एकाच शब्दाची रूपे होतात. २००९ चा बालकांच्या शिक्षणाविषयीचा कायदा मात्र मराठीत ‘हक्क’ असे म्हणतो; महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवांविषयीचा कायदाही ‘हक्क’च म्हणतो. माहिती मागताना अधिकार, सेवा मागताना हक्क, या फरकाला कोणतेही तात्त्विक कारण देता येणार नाही. मानवी हक्कांच्या बाबतीतही असेच आहे. राष्ट्रीय आयोगाच्या हिंदी नावात ‘मानव अधिकार’ आहे, महाराष्ट्राच्या आयोगाच्या नावात ‘मानवी हक्क’. आणि मराठी लेखक कधी एक, कधी दुसरे, असे लिहीत असतात.

सामान्य माणसाची भाषिक जाण अशा वेळी लेखकांहून अधिक शाबूत दिसते. सातबाराच्या उताऱ्यावर ‘अधिकार अभिलेख पत्रक’ असा मथळा आणि ‘इतर अधिकार’ असा रकाना छापलेला असतो. पण शेतकरी तलाठ्याला विचारतो ते ‘इतर हक्कात नाव चढले का?’ असे. छापील शब्द डोळ्यांसमोर असूनही तो आपला शब्द सोडत नाही. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातही याचा प्रत्यय येतो. समितीचे नाव ‘विशेषाधिकार समिती’ असते, पण सभागृहात जो प्रस्ताव गाजतो तो ‘हक्कभंगा’चा.

७

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की ‘मताधिकार’, ‘नकाराधिकार’ यांसारखे समास रूढ झाले आहेत आणि ‘हक्क’ समासाला तेवढा सुलभ नाही. हे अंशतः मान्य करावे लागेल. रूढ समास मोडून काढावेत असे येथे सुचविलेले नाही. शिवाय ‘मताधिकार’ मूळ अर्थाशी फारसा विसंगत नाही. कोणत्या वयाला, कोणाला मत देता यावे हा पात्रतेचाच प्रश्न असल्यामुळे तेथे ‘अधिकार’ शोभतो. ‘नकाराधिकार’ तर उघड सत्तावाचक आहे. आणि ‘हक्क’ समासाला बोजड आहे असे म्हणणाऱ्यांनी ‘वनहक्क’, ‘हक्कभंग’, ‘हक्कसोड’ हे शब्द आठवावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या शब्दाने शतकानुशतके वतनदारीचे ओझे वाहिले, तो समतेचा वाहक कसा होणार? याचे उत्तर शब्दकोशात मिळत नाही, इतिहासात मिळते. शब्द लढ्यात घासले जातात आणि त्यांचे जुने लेप निघून जातात. ‘हक्क’ या शब्दाच्या वाट्याला असे लढे आले. ‘अधिकार’ या शब्दाच्या वाट्यालाही वेदोक्तासारखे लढे आले. परंतु तेथे लढणाऱ्यांना पात्रतेची चौकट मान्य करूनच आत शिरावे लागले.

हा भेद राखल्याने प्रत्यक्षात काय साधते, हे पूर्व विदर्भातील एका उदाहरणाने स्पष्ट व्हावे. या प्रदेशात ‘निस्तार हक्क’ हा शब्द मालगुजारीच्या काळापासून परिचित आहे. सरपण, चराई, घरासाठी लाकूड या गावाच्या गरजा त्यात येत. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, जंगले शासनाकडे गेली. पुढे २००६ च्या कायद्याने वननिवासींचे जे देणे मान्य केले त्याला मराठीत ‘वनहक्क’ म्हणतात. हिंदीत ‘वन अधिकार’. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. पण तोडलेला बांबू गावाबाहेर नेण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना देणे वनखात्याच्या हाती राहिले. परवाना देण्याचे हे काम ग्रामसभेकडे आले ते एप्रिल २०११ मध्ये. मधल्या काळात गावाचे म्हणणे काय होते, हे मराठीत एका वाक्यात सांगता येते: हक्क आमचा आहे, पण अधिकार वन अधिकाऱ्याकडे आहे.

या वाक्यातील ‘हक्क’ काढून तेथे ‘अधिकार’ घालावा. गावाचे गाऱ्हाणे व्याकरणात उरेल, अर्थात उरणार नाही. अधिकार आमचा आहे पण अधिकार त्यांच्याकडे आहे, असे म्हणणाऱ्याला कोणताही कारकून सांगेल की तुमच्या बोलण्यात विसंगती आहे. अन्यायाची नोंद करण्यापुरता तरी शब्द आपल्याजवळ असावा, ही भाषेकडून फार मोठी अपेक्षा नाही. मराठी ती आजवर पुरवत आली आहे. यापुढे अनुवाद, परिभाषा आणि प्रबंध लिहिणाऱ्यांनी, व्यक्तीचे देणे असेल तेथे ‘हक्क’ आणि पदाची सत्ता किंवा शास्त्राची पात्रता असेल तेथे ‘अधिकार’, एवढा विवेक सांभाळला तरी पुरे आहे.